सेलवासला मी गाडीभर तंबाखू घेतली, त्याची हकीकत

फाल्गुनातल्या एका गुरुवारी सकाळी दत्ताच्या तसबिरीला फूल वाहून झाल्यावर मी कपाटातली सगळी उपरणी बाहेर काढली आणि एकेक खिडकीच्या उजेडाला धरून पाहू लागलो. मला सर्वांत जाड उपरणं हवं होतं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"कुणाचं लग्न आहे?"

"वर्गाला लागतंय. खालची बोटं दिसता कामा नयेत."

एवढं ऐकून ती परत चुलीपाशी गेली. तेवीस-चोवीस वर्षांच्या संसारात तिने विचारायचं कुठे आणि सोडून द्यायचं कुठे हे नीट ठरवून टाकलेलं आहे.

सांगलीच्या अलीकडे आमच्या गावी तंबाखूचा बाजार आहे. तिथे मी लिलावावर देखरेख करतो. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. त्या सुमारास सरकारच्या एका खात्याने नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले काही तरुण नेमले होते. तंबाखू शेतातून दुकानापर्यंत कशी जाते, मध्ये कोणकोणते कायदे लागतात, ते कुठे पाळले जातात आणि कुठे कागदावर राहतात, याचा त्यांनी अभ्यास करायचा होता. कामाला लावण्याआधी त्यांचं आठ दिवसांचं शिबिर सेलवासला ठेवलं होतं आणि खरेदी-विक्रीचा भाग शिकवायला मला बोलावलं होतं. मी कळवलं की मी सातवी आहे. खात्याच्या मुंबईच्या साहेबांचं उत्तर आलं की बाकीचे सगळे एम.ए. आहेत, तेव्हा एक सातवी चालेल.

सेलवासच का, तर तिथे अजून आमच्यासारखा नियमांचा बाजार झालेला नव्हता. जुनी रीत डोळ्यांनी दाखवता आली असती. जुनी रीत म्हणजे रुमालाखालचा सौदा. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून कापड टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांनाच कळतो. शेजारच्याला काय मिळालं ते शेतकऱ्याला कळत नाही, म्हणून आमच्याकडे ही रीत बंद केली आणि भाव मोठ्याने पुकारायचा नियम आला. त्या बंद झालेल्या रीतीसाठी मला जाड उपरणं हवं होतं.

जायचं असेल तर मिरजेहून पुणे, पुण्याहून मुंबई आणि तिथून सुरतेच्या बाजूची पॅसेंजर धरून वापीला उतरा. वापीच्या स्टेशनाबाहेर पुरीभाजी बरी मिळते, चहा मात्र दुधाचा कमी आणि साखरेचा जास्त. तिथून सेलवासची बस. तिकीट आठ-दहा आण्यांत येतं. पुढच्या बाकावर बसा, कारण मागे बसलेल्या माणसाचा रंग सेलवासला पोचेपर्यंत रस्त्यासारखा होतो.

या बसची एक गंमत आहे. वापी गुजरातेत. थोडं पुढे गेलं की दादरा लागतं, ते वेगळ्या मुलखाचं. दादरा संपलं की पुन्हा गुजरात. मग पुन्हा वेगळा मुलूख, तेव्हा सेलवास. कंडक्टर प्रत्येक वेळी सांगत होता, "आता तुम्ही बाहेर. आता आत. आता परत बाहेर." शेजारचे एक म्हातारे मला म्हणाले, "फिरंग्यांच्या वेळी एवढ्यात चार ठिकाणी कागद दाखवायला लागायचा, भाई. आता नुसतीच हाडं हलतात." झाडी मात्र सुंदर. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि बसच्या खिडकीतून तो गोडसर वास आत येत होता.

शिबिर सेलवासमधल्या टोकरखाड्याच्या शाळेत होतं. तिथले राणे गुरुजी राजापूरकडचे. त्यांनी शेवटच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या आणि त्यांच्या घरून दोन वेळचं जेवण यायचं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि कोकमाचं सार. मुलांपैकी सगळ्यांत बोलका पेडणेकर, मालवणचा, अर्थशास्त्राचा एम.ए. पहिल्या तासालाच मी फळ्यावर लिहिलं, "रुमालाखाली झालेला सौदा आमच्या नियमांप्रमाणे सौदाच नव्हे." मुलांनी ते वहीत उतरून घेतलं. या वाक्याने पुढे माझा फार छळ केला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सेलवासचा बाजार बघण्यासारखा आहे. मातीची भांडी, सुकी मासळी, मोहाची फुलं, बांबूच्या टोपल्या आणि एका बाजूला पानाच्या बिड्या ओढत बसलेले वारली. मुलांना एका मोकळ्या जागी घेऊन मी पेडणेकरचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि बोटं कशी मोजायची ते सांगू लागलो.

"सर, गुदगुल्या होतात."

"भाव सांगताना हसायचं नाही. चेहरा दगडाचा ठेव."

"माझा मूळचाच असा आहे, सर."

बघता बघता गर्दी जमली. तेवढ्यात एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीवाला सडपातळ, माझ्याच वयाचा. त्याचं नाव देवजीभाई हे मला नंतर कळलं. किलवणीजवळ नदीकाठच्या गाळात त्याची थोडी जमीन, तीत तंबाखू. वर्षाचं पीक घेऊन तो आला होता आणि वापीचा एक व्यापारी त्याच्याशी थोडं बोलून, घासाघिशीच्या रीतीप्रमाणे दूर जाऊन चणे खात उभा होता. मी विचार केला, खरा शेतकरी मिळालाय, तर मुलांना खरा हात दाखवू. राणे गुरुजी दुभाष्याचं काम करायचे, पण ते शेवग्याच्या शेंगा पाहायला गेले होते. मी देवजीभाईला म्हटलं, "जरा हात द्या. या पोरांना दाखवायचंय." त्याला मराठी चांगलं कळत होतं. त्याने हात दिला.

मी उपरण्याखाली भाव दाबला. खोटाच भाव द्यायचा तर हात आखडता कशाला, म्हणून चांगला सढळ दिला. देवजीभाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याने एका बोटाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा घट्ट दाबलं. त्याने हात बाहेर काढून कपाळाला लावला. वापीच्या व्यापाऱ्याने चण्यांचा कागद टाकला, छत्री काखोटीला मारली आणि तो बसच्या दिशेने निघून गेला.

"पाहिलंत?" मी मुलांना म्हणालो. "भाव लपतो, चेहरा लपत नाही." त्यांनी हेही उतरून घेतलं.

संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो असताना तीच बैलगाडी शाळेच्या आवारात शिरली. देवजीभाई खाली उतरला आणि म्हणाला, "शेठ, क्यां उतारूं?"

राणे गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं उतरवू म्हणतोय."

"काय?"

"तुमची तंबाखू."

मी उठून त्याला सगळं समजावून सांगितलं. हा वर्ग आहे, मी मास्तर आहे, तो नुसता नमुना होता. देवजीभाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाला, "आमच्याकडे पण शेठ लोक पोरांना असंच शिकवतात. खऱ्या मालावर. खोटा सौदा कोण शिकवतं?"

 याचं उत्तर मी अजूनही शोधतो आहे.

मग गुरुजींनी बाकीचं सांगितलं. एकदा हात दिला की दुसरा व्यापारी त्या मालाकडे वळत नाही, म्हणून वापीवाला निघून गेला. तो आता पाऊस संपल्यावरच येणार. तोवर पान कुडाच्या घरात राहिलं तर बुरशी धरून वाया जाणार. आणि देवजीभाईने तो हात कपाळाला लावल्यावर तिथूनच घरावर घालायचे पत्रे सांगून टाकले होते. म्हणजे पावसाआधी एक तर पत्रे येणार, नाहीतर वर्षाचं पीक कुजणार, आणि दोन्ही माझ्या बोटांवर अवलंबून. इकडे बाजाराच्या नोकराने तंबाखूचा व्यापार केला तर नोकरी जाते. हा नियमही मीच मुलांना सकाळी सांगितला होता.

भारे चौथीच्या वर्गात ठेवले, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

सकाळी दमणगंगेवर आंघोळीला गेलो. पाणी निवळ, खडकांवरून हळू वाहणारं. सेलवासला जाल तर नदीवर पहाटे जा, उन्हं चढली की खडक तापतात. आंघोळ करून मी सूर्याकडे तोंड केलं आणि हात जोडले. पण त्यातला एक हात काल देवजीभाईला दिलेला होता, त्यामुळे जोडल्यासारखं काही वाटेना. नाम घेत तसाच उभा राहिलो. देवाने काही सुचवलं नाही. बहुधा तोही म्हणत असावा की सढळ भाव कुणी दिला होता?

वर्गात त्या दिवशी दुसरा विषय निघालाच नाही.

"सर," पेडणेकर फळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्याच अक्षरात आहे. हा सौदाच नव्हे."

"आपल्याकडच्या नियमांप्रमाणे, असंही लिहिलंय. इथे तो नियम अजून आलेला नाही."

"मग नियमाप्रमाणेही तुम्ही घेतलीत."

"हो."

"आणि नियमाप्रमाणे तुम्हाला घेता येत नाही."

"हो."

"हे पुस्तकात नव्हतं, सर." तो खूश झाला होता.

पलीकडे चौथीची पोरं पाढे म्हणत होती आणि प्रत्येक ओळीला कुणीतरी शिंकत होतं. राणे गुरुजी दारात आले. "सर, बे एके बे पर्यंत ठीक होतं. आता सहाचा पाढा चालू आहे, आणि बारावर कुणीच पोचत नाही." मुलांनी उपाय सुचवले. एकाने बिड्या वळून विकू म्हटलं. एकाने सगळ्यांनी मिळून वर्गणी काढू म्हटलं, पण कुणाचाच पहिला पगार झाला नव्हता. मी देवजीभाईकडे किलवणीला चालत गेलो आणि माल परत घ्यायची विनंती केली. त्याने खाट टाकली, ताक दिलं, आणि एवढंच म्हणाला, "हाथ आप्यो एटले आप्यो." हात दिला म्हणजे दिला. यात राग नव्हता. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

मला माहीत असलेल्या माणसांत अशी एक गाडी तंबाखू ताबडतोब उचलू शकेल असा एकच होता आणि त्याच्याशी माझं जाणं-येणं नव्हतं. गोपाळ, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तपकिरीचा त्याचा छोटा कारखाना आहे आणि आमच्याच बाजारात तो माल घेतो. मी लिलावावर आणि मेव्हणा घेणाऱ्यांत, म्हणून नऊ वर्षं मी त्याच्या घरचं पाणी प्यायलेलं नाही. भांडण नाही. तो दिसला की मी मान हलवतो, तोही हलवतो. बायको भाऊबीजेला एकटी जाते. बाजारात लोक म्हणत, माणूस म्हणजे असा. मला ते ऐकायला बरं वाटत असे.

पोस्टात जाऊन मी तार केली. शब्द वाढले की पैसे वाढतात, म्हणून थोडक्यात लिहिली: "तंबाखू घेतली आहे. ताबडतोब ये."

तिसऱ्या दिवशी दुपारी गोपाळ शाळेच्या फाटकात उभा होता. धुळीने लाल झालेला. आत येताच त्याने खिशातून एक पुडी काढली.

"दाजी, आधी कपाळ पुढं करा. ताईनं वाडीच्या दत्ताचा अंगारा दिलाय."

"मला काय झालंय?"

"तुम्ही तंबाखू घेतली असं तारेत आलंय. ताई म्हणाली, एकतर तार दुसऱ्याची, नाहीतर माणूस दुसरा झालाय. मी निघेपर्यंत देवापुढनं उठली नाही ती."

मी अंगारा लावून घेतला आणि मग सगळं सांगितलं. गोपाळ हसला नाही, हे त्याचं मोठेपण. पेडणेकरला मात्र उठून बाहेर जावं लागलं.

गोपाळने एक भारा सोडला, पान चोळलं, हुंगलं. "जाड आहे. तपकिरीला चालेल. भाव काय?"

"बाजारभावाने घे. मी काही सांगणार नाही. माझं नातं मध्ये आणू नकोस."

"इथला बाजारभाव काय?"

"तू ठरव."

"दाजी, इथं घेणारा दुसरा कोण आहे?"

"वापीवाला गेला."

"म्हणजे शेवटचा भाव तुम्हीच दिलेला. म्हणजे बाजार तुम्हीच. मग तोच भाव." त्याने चिमूटभर तपकीर ओढली. "जास्त आहे, पण चुकून दिलेला भाव मोडायला मी काय तुमच्यापेक्षा मोठा आहे?"

देवजीभाईला किलवणीहून बोलावून घेतलं आणि मी अट घातली की सौदा उघड, पुकारून व्हायला हवा. गोपाळ ओसरीवर उभा राहिला आणि रिकाम्या आवाराकडे तोंड करून भाव ओरडला. चौथीची पोरं मधल्या सुट्टीत होती, त्यांनी तो तसाच पुन्हा ओरडला. मग रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायकांनी आपसांत म्हटला. मला वाटलं देवजीभाई सुखावेल. तो कपाळाला हात लावून बसला.

"आता सगळ्या गावाला कळलं," तो म्हणाला. "आता भाऊ म्हणेल, माझ्यापण घराला पत्रे घाल."

पेडणेकरने वही उघडली. "सर, उघड भावाचे तोटे, असं लिहू?"

"लिही," मी म्हटलं. आमच्या बाजारात इतकी वर्षं मी भाव पुकारून घेतो आहे, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गोपाळ माल घेऊन वापीला गेला. देवजीभाईने निघताना माझा हात हातात घेतला. मी आधी उपरणं कुठे आहे ते पाहून घेतलं. ते लांब दोरीवर वाळत होतं.

शेवटच्या दिवशी मुंबईचे साहेब आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या सहीचा कागद कुठे आहे?" नाही म्हटलं. "मग मला काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले. मुलांच्या वह्या चाळल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अशी शिबिरं आता वर्षभर चालणार. बाजार सोडून हेच काम कराल का? पण पुढच्या वेळी बैलगाडी नको." मी विचार करून कळवतो म्हटलं.

परतीच्या बसमध्ये नाक्यावर पोलीस चढले. गुजरातेत दारूबंदी, म्हणून सेलवासहून येणाऱ्यांचं सामान पाहतात. तुम्ही जाल तेव्हा पिशवी वरच उघडता येईल अशी ठेवा, वेळ वाचतो. शिपायाने माझी पिशवी उघडली, उपरणं उचललं, तो दोनदा शिंकला आणि हाताने पुढे जा म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा बायकोने ताटात दोन घास जास्त वाढले एवढंच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गोपाळ दोन रात्री गाडीत बसून आला."

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि ताट उचलून नेलं.

मग मी बाजारात गेलो. सेलवासचं काय उरलं हे मला तिथे कळलं. लिलाव चालू झाला. एका चांगल्या मालावर गोपाळचा भाव सर्वांत वर होता. मी सौदा पक्का करायची घंटा वाजवायला हात उचलला आणि थांबलो. समोरच्या व्यापाऱ्याने आणखी बोलावं म्हणून थांबलो. तो बोलला आणि माल त्याला गेला. गोपाळने तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली आणि पुढच्या मालाकडे गेला. त्याला राग आला नव्हता, नवलही वाटलं नव्हतं. त्यावरून माझ्या लक्षात आलं की हे त्याला नवीन नव्हतं. मी नऊ वर्षं त्याच्या बाबतीत थोडा जास्त थांबत आलो होतो. लोक बघत होते म्हणून. पाणी न पिण्याने मी स्वच्छ राहिलो असं मला वाटायचं, आणि त्याची किंमत गोपाळ देत होता. मग यापुढे न थांबता घंटा वाजवावी, तर हात म्हणणार की सेलवासचं ऋण फेडतो आहेस. दोन्ही बाजूंनी हात कामातून गेला होता.

पुढचे काही दिवस मी पोथीत खूण घालून तीच ओळ वाचत राहिलो. रात्री बायकोला विचारलं, "मी बाजार सोडला तर?"

"बाजार तुम्हाला सोडणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्या भावाचं घर माझ्या घरापासून सहा गल्ल्यांवर आहे, आणि मी नऊ वर्षं एकटी जाते. तुम्हाला नियम सांगता येतो. मला तिथं गेल्यावर काय सांगायचं हे येत नाही."

सोमवारी मी बाजाराच्या कचेरीत गेलो आणि लिलावाचं काम माझ्या हाताखालच्या माणसाकडे दिलं. त्याचा कुणी नातेवाईक तंबाखूत नाही, हे आधी विचारून घेतलं. मुंबईच्या साहेबांना होकार कळवला. आणि अक्षय तृतीयेला, भर उन्हाचं, बायकोच्या मागून चालत सहा गल्ल्या ओलांडल्या. गोपाळच्या दाराशी पाय धुतले, त्याच्या बायकोने दिलेलं पाणी प्यायलो, आणि आमरसाच्या ताटावर बसलो.